फिनिक्स (अमेरिका): छतावरच्या पॅकेज युनिटचा बर्नर पेटून लगेच विझतो

आमचं एसी आणि गॅस हीटिंग एकाच डब्यात, छतावर. काल रात्रीपासून बर्नर पेटतो, चार-पाच सेकंदांत विझतो, तीनदा असंच होऊन लॉकआउट, म्हणजे युनिट स्वतःच पेटवायचं थांबवतं. घरात तान्हं बाळ आहे हो, कुठला पार्ट मागवू?

– आधी काहीच मागवू नका, बहुतेक फ्लेम सेन्सर (ज्योत लागली का ते ओळखणारी सळई) मळला असणार. गॅस आणि ब्रेकर बंद करा, एक स्क्रू काढला की ती पातळ सळई बाहेर येते, बारीक स्टील वूलने हलकेच पुसा. गॅसचा वास आला तर मात्र सगळं सोडून घराबाहेर पडा.

– पार्ट लागलाच तर युनिटवरच्या माहितीच्या प्लेटवरील मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्हींचा फोटो काढा, मी नुसत्या मॉडेलवर मागवला आणि चुकीचा आला.

– पुसला, पांढरट थर होता, आता ज्योत टिकतेय! खूप आभार.