"देवाची इच्छा होती" म्हणतात, मग माझी चूक कुठे गेली?

पलासियावाली
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती, पणजोबा नगरकडून इथे आले ते इथलेच झाले. एप्रिलच्या सुरुवातीला माझे पप्पा गेले, हार्टचं. आधी दोन-तीन आठवडे म्हणत होते की जिना चढताना छातीत जड वाटतं, आणि मी दर वेळी म्हणायची, पप्पा मार्च एंडिंग होऊ द्या मग नेते. ५ तारखेची अपॉइंटमेंट घेतली होती, ते ३ ला पहाटे गेले.

दफनानंतर घरी प्रार्थना झाली तेव्हा मंडळीतले (आमच्या चर्चमधले) एक एल्डर, म्हणजे जबाबदार वडीलधारे, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बेटा, प्रभूने दिवस नेमलेला होता, तू काहीही केलं असतंस तरी हेच झालं असतं. तेव्हा बरं वाटलं. खरंच वाटलं. पण मग रात्री झोप लागेना आणि एकच विचार, की दिवस नेमलेला होता तर मार्च एंडिंग होऊ द्या हे माझ्या तोंडून पण देवानेच वदवलं का? आणि ते माझं मीच बोलले असेन, तर नेलं असतं तर पप्पा वाचले असते, मग नेमलेला दिवस कुठला? दोन्हीपैकी एक खोटं आहे. पाळकांना विचारलं तर म्हणाले जास्त विचार करू नको, प्रार्थना कर. करते. पण ज्याने माझ्याकडून उशीर करवला त्यालाच काय मागू, असं होतं मधेच. कोणाला यातलं नीट माहीत असेल तर सांगा, सांत्वन नको.

छावणीकर
बेटा, वाचून जीव हळहळला. मी सत्तरीचा, आमचं घर पण जुन्या मिशनमधलंच. आपल्या इंदूरला १८७७ मध्ये जे कॅनडाचे मिशनरी आले ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्विन यांच्या परंपरेतले, त्यामुळे "प्रभूने नेमलंय" हे आपण आजी-आजोबांपासून ऐकत आलोय. पण त्या परंपरेचा जो विश्वासाचा अंगीकार आहे, म्हणजे आपण काय मानतो त्याचं लेखी निवेदन, वेस्टमिन्स्टरचा, १६४६ चा, त्याचा तिसरा अध्याय सुरूच असा होतो की जे जे घडतं ते देवाने ठरवलेलं आहे, आणि श्वास न घेता तिथेच पुढे म्हटलंय की तरी देव पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि मधली जी कारणं असतात ती रद्द होत नाहीत, उलट पक्की होतात. आपली माणसं पहिलं अर्धं पाठ करतात आणि दुसरं अर्धं सोडून देतात. डॉक्टर, औषध, वेळेवर नेणं ही ती मधली कारणं. खुद्द कॅल्विनने लिहिलंय की ज्याने आयुष्याची सीमा ठरवली त्यानेच ते सांभाळायचं काम आपल्यावर सोपवलं आणि साधनंही दिली. म्हणून "काहीही केलं असतंस तरी" हे त्या एल्डरनी प्रेमापोटी म्हटलं असेल, पण ती आपल्या मंडळीची शिकवण नाही.

आणि योसेफाची गोष्ट परत वाच, उत्पत्ती ५०:२०. भावांनी विकलेला मुलगा त्यांना सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातच चांगलं योजलं. मूळ हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. अर्धं काम भावांचं अर्धं देवाचं असं नाही, अख्खी गोष्ट त्यांची आणि अख्खी देवाची. आणि भावांचा अपराध योसेफ नाकारत नाही, ते लक्षात घे.

रामबागकर
मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे आजी गेली तेव्हा पण सगळे म्हणाले आयुष्याची दोरी तेवढीच होती, आणि आईला त्याचा त्रासच झाला जास्त, कारण रात्री औषध द्यायचं तिच्याकडून राहिलं होतं. माझा प्रश्न वेगळा आहे, ठरवणं बाजूला ठेवा, देवाला आधीपासून माहीत तर असतं ना? मग माहीत असलेलं बदलणार कसं, आणि बदलता येत नसेल तर माणूस मोकळा कसा?

छावणीकर
चांगला प्रश्न आहे. एक घडलेली गोष्ट सांगतो. आपले कवी ना. वा. टिळक, रेव्हरंड टिळक, यांना राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेत एक मिशनरी भेटले, त्यांनी बायबल दिलं आणि म्हणाले दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आता त्या माणसाच्या बोलण्याने टिळक ख्रिस्ती झाले का? नाही, मधल्या काळात त्यांनी स्वतः वाचलं, स्वतःशी झगडले. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर तेव्हा त्यांच्या मागून गेल्याच नाहीत, पुढे काही वर्षांनी त्यांचं त्यांना पटलं तेव्हा गेल्या. कळणं आणि करवणं या दोन गोष्टी आहेत. माणसाचा अंदाज चुकू शकतो, देवाचं जाणणं चुकत नाही, एवढा फरक राहतोच, त्यामुळे तुमचा प्रश्न यानं पूर्ण मिटतो असं मी म्हणणार नाही.

बडोदेकर_मेथडिस्ट
काका, तुमचा आदर ठेवून सांगतो, मला ते "अख्खी माणसाची आणि अख्खी देवाची" पटत नाही. आम्ही मेथडिस्ट, म्हणजे अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतले. देवाची कृपा आधी येते, सगळ्यांकडे येते, पण ती ढकलता येते. आणि जगात जे जे होतं ते सगळं देवाला हवंच होतं असं मी मानत नाही, नाहीतर "तुझी इच्छा पृथ्वीवर पूर्ण होवो" ही प्रार्थना रोज कशाला करायची? याच वादावरून वेस्ली आणि त्यांचे सहकारी उपदेशक व्हाइटफील्ड १७४१ च्या सुमारास वेगळे झाले, एवढे जिवलग असून. (पण १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्यासाठी प्रवचन वेस्लींनीच केलं, म्हणून मी पण तुमच्याशी भांडत नाहीये.)

ताई, तुम्ही योहान ११ वाचा. मार्थाचा भाऊ लाजर आजारी आहे असा निरोप आला तरी येशू आणखी दोन दिवस होता तिथेच थांबला, आणि पोहोचला तोवर लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर येऊन तोंडावर म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तुमच्या डोक्यात रोज रात्री जे वाक्य येतं ना, तेच. येशू तिला असं म्हणत नाही की दिवस नेमलेला होता, गप्प बस. तिला रागावत पण नाही. आणि पुढे, आपण लाजरला मेलेल्यातून उठवणार आहोत हे माहीत असून सुद्धा तो रडतो. जे घडलं ते देवाला जसंच्या तसं हवं असतं तर रडला कशाला असता?

छावणीकर
हे शेवटचं मी मान्य करतो. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पलासियावाली
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईसमोर योहान ११ मोठ्याने वाचलं. तिला मी पहिल्यांदाच सांगितलं की पप्पा मला छातीचं बोलले होते आणि मी टाळलं. ती म्हणाली मला पण बोलले होते. मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

काका, मधल्या कारणांचं तुम्ही लिहिलंत त्याने एक झालं, की मी उशीर केला हे आता मी प्रार्थनेत सरळ म्हणू शकते, ते देवाच्या गळ्यात न घालता. आणि बडोद्याचे दादा, मार्थाचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते माझं वाक्य त्याला कधी बोलून दाखवलंच नसतं. पण ते दोन दिवस तो का थांबला ते अजून मला पटलेलं नाही. चौथं वचन वाचलं, देवाच्या गौरवासाठी म्हणून, तरी नाही पटलं. रविवारी उपासनेनंतर लाल चर्चच्या बाजूने तुमच्याकडे छावणीत येते काका, घरी असाल ना?