बंद चिरेखाणीत परत माती तयार करायचीय, मदत हवी आहे

सड्यावरचा:
नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमची वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे, त्यातला दीडेक एकर चुलत्यांनी चिऱ्याला, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे दगड काढायला दिलेला. काढणाऱ्याने वरची माती सगळी व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला ढकलली, चिरा संपल्यावर मशीन उचलली आणि गेला. आता वीसेक फूट खोल खड्डा, भिंती उभ्या, तळात अर्ध्या भागात कातळ आणि अर्ध्या भागात चिऱ्याखालची पिवळट चिकट माती, ती पावसात चिखल होते आणि मार्च आला की कौलासारखी कडक. काठाला रानमोडीचं तण सोडलं तर काही उगवत नाही. माती तपासून घेतली, सामू ५.२ म्हणजे आम्ल, सेंद्रिय कर्ब नसल्यातच जमा, स्फुरदही फार कमी.

गावात सगळे म्हणतायत पन्नास डंपर लाल माती टाक आणि काजू लाव. पण ती माती येणार कुठून, दुसऱ्या कुणाचा तरी डोंगर खरवडूनच ना, मला ते मनाला पटत नाहीये. दुसरा सल्ला ऑस्ट्रेलियन बाभळीचा, ती कुठेही जगते म्हणून. मला काजूची घाई नाही, आधी ही जमीन जिवंत व्हायला हवी, आमच्या आईन-किंजळीची झाडं परत यायला हवीत. जागच्या जागी माती तयार होते का? कुणी केलंय का? सुरुवात कुठून करू?

डिचोलीकर:
दादा, बाभळीच्या नादाला लागू नका. आमच्याकडे गोव्यात लोखंडाच्या खाणींच्या डंपवर (टाकाऊ मातीच्या ढिगांवर) तीच लावली, लांबून हिरवंगार दिसतं पण आत जाऊन बघा, पाल्याचा जाड थर पडलेला असतो, तो लवकर कुजत नाही आणि खाली आपली झाडं फारशी दिसत नाहीत. २०१२ ला खाणी थांबल्या तरी डंप तसेच उभे, पावसात त्यांचा गाळ खालच्या भातशेतीत येतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. म्हणून झाडांच्या आधी पाणी बघा. वरच्या काठाला समतल चर (उताराला आडवा, एका पातळीतला) मारून बाहेरचं पाणी वळवा. व्हाळाकडे ढकललेली माती अजून असेल तर पहिली ती परत उचला, ती तुमचीच आहे आणि विकतच्या मातीपेक्षा कधीही चांगली, तिच्यात तिथल्याच झाडांचं बी असतं. आणि काठाला गडगा (दगडी कुंपण) आत्ताच घाला, गुरं नाहीतर पोरं पडतील.

रेवा_नागपूर:
जागच्या जागी माती तयार होते, नक्की होते. आमच्याकडे गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरीने, म्हणजे नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने हेच केलं. तिथे साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) घातली, सोबत नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी दिली, मग रोपं. नुसतं खत घालून भागत नाही, मातीतले जीवही परत आणावे लागतात, हा त्यातला खरा मुद्दा. प्रेसमड घाटावरून आणायला महाग पडेल, तिथे कुजलेलं शेणखत चालेल. जी झाडं लावणार त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका, बुरशी त्यातून येते. तुमच्या जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे साधं सुपर फॉस्फेट वाया जातं. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू लागू पडतं, ते शेणखतात मिसळून द्या.

बाबल्या_वेंगुर्ला:
ताईंचं बरोबर, फक्त चिकट मातीत नुसता खड्डा मारलास तर तो बादलीच होणार, आमच्याकडे ३००० मिमीच्या वर पाऊस, मुळं कुजून जातील. तिथे आधी वाफे उंच कर, पाणी निघायला वाट ठेव, जूनमध्ये धैंचा (हिरवळीचं खत) पेर आणि फुलावर आला की तिथेच गाड, असं दोन-तीन पावसाळे कर. कातळाच्या भागात लोक आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे करतात तसं करता येईल, पण सगळीकडे नको, आधी भेगा शोध आणि तिथेच लाव. तुटके चिरे पडलेले असतील ते भिंतीच्या पायथ्याला पायऱ्यांसारखे रच, मागे पालापाचोळा आणि माती भर. कडेने गिरीपुष्प, त्याचा पाला छाटून छाटून आत टाकत राहायचं. पहिली झाडं करंज, धायटी, करवंद. आईन-किंजळ त्यांच्या सावलीत नंतर. आणि वणव्याचं बघ बाबा, फेब्रुवारीत जाळरेषा (गवत काढून मोकळा पट्टा) काढली नाहीस तर सगळं एका दुपारी जाईल.

सड्यावरचा:
मनापासून आभार सगळ्यांचे. व्हाळाकडची माती अजून आहे, तिच्यावर कुड्याची रोपंसुद्धा आलीयत, ती उचलायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबल्यादादा, दोन गोष्टी सांगा. एका कोपऱ्यात मे पर्यंत पाणी राहतं, तो भाग बुजवू की तळं म्हणून ठेवू? वरच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी तिथूनच मिळेल असं वाटतं. आणि गिरीपुष्पाचे फाटे कुडाळ-सावंतवाडी बाजूला कुणाकडे मिळतील का? छाटणी कुणी करणार असेल तर मी गाडी घेऊन येतो, पावसाच्या आधी हवेत.

बाबल्या_वेंगुर्ला:
पाणी ठेव, बुजवू नको. फक्त एका बाजूने उतार करून घे, पडलेलं जनावर वर येऊ शकलं पाहिजे. फाटे माझ्याकडे आहेत, मेसेज कर.