मदत हवी आहे: मे महिन्यात गाडीने जैसलमेर-तनोट, सोबत आईबाबा

नमस्कार मंडळी, पुण्याहून आमच्या गाडीने जैसलमेरला जायचंय, तिथून रामगढमार्गे तनोट माता आणि येताना लोंगेवाला. थंडीत जा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण बाबांना 1971 च्या लढाईची ती जागा बघायचीच आहे आणि सगळ्यांना एकत्र सुट्टी फक्त मे मध्येच मिळतीये.

खरी काळजी बाबांची आहे. वय 68, बीपीची गोळी चालू आहे आणि त्यात लघवी वाढवणारं औषध पण आहे, म्हणजे अंगातलं पाणी अजून लवकर कमी होणार ना? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अशा पेशंटला घेऊन कोणी त्या उन्हात फिरलंय का? तिकडे पारा 45 च्या वर सहज जातो, फलोदीला तर 2016 च्या मे मध्ये 51 झालेलं.

जैसलमेर ते तनोट साधारण 120 किमी आहे, पहाटे पाचला निघून अकराच्या आत परत हॉटेलवर असं डोक्यात आहे, जमेल का, की लोंगेवाला धरून घाई होईल? माणशी पाच लिटर पाणी, ओआरएस, सुती पंचे, छत्री घेतोय. रामगढच्या पुढे पेट्रोल, मोबाईलची रेंज, पंक्चरवाला यातलं काय मिळतं? वाटेत एसी बंद पडला किंवा कोणाला ऊन लागलं तर जवळचा दवाखाना रामगढलाच का? आणि रस्त्यावर वाळू आली असेल तर साधी हॅचबॅक निघते का?

नुकतंच उन्हाळ्यात जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, बुकिंग अजून केलेलं नाहीये.