लिथियम-१० 'आहे' असं म्हणायचं का?

झिरोमाईल:
नागपुरात एम.एस्सी. करतोय. सेमिनारवरून सुरू झालेलं भांडण तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरही मिटलं नाही, म्हणून इथे आणतोय. लिथियम-१० मध्ये ३ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन. त्यातला सातवा सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश, त्याचाही साधारण हजारावा भाग एवढ्या वेळात सुटतो. डिटेक्टरपर्यंत पोचतात ते लिथियम-९ आणि एक मोकळा न्यूट्रॉन. दोघांचे संवेग मोजायचे, सुटताना किती ऊर्जा मिळाली ते काढायचं, आलेखात उंचवटा आला की 'अवस्था सापडली'! बाजारात तुरी, दुसरं काय?

फुटाळाकाठ:
काऊन बे, मग लिथियम-११ कसं समजून घेशील? जपानी भौतिकशास्त्रज्ञ तानिहातांच्या गटानं १९८५ मध्ये ते अपेक्षेपेक्षा बरंच मोठं असल्याचं मोजलं. दोन न्यूट्रॉन लांबवर पसरलेले, आणि त्यातला एक काढला की दुसराही थांबत नाही. तिवईचा एक पाय काढून पाहा. लिथियम-९ आणि न्यूट्रॉन एकमेकांना किती ओढतात हे लिथियम-१० शिवाय कुठून कळणार? आणि केंद्रक ओलांडायला न्यूट्रॉनला लागतो त्यापेक्षा हा वेळ काही पट जास्तच आहे. त्याचं आयुष्य तुझ्या मनगटावरच्या घड्याळानं कशाला मोजतोस?

झिरोमाईल:
तिवई मान्य. पण न्यूट्रॉनला विद्युत अडथळा नसतो, आणि एस-लहरीत, म्हणजे न्यूट्रॉनला कोनीय संवेग नसताना, फिरण्यामुळे येणारा केंद्रोत्सारी अडथळाही नाही. अडवणारं काहीच नसेल तर 'थांबला' कसं म्हणायचं? उंबरठ्यालगतच्या, म्हणजे जवळपास शून्य ऊर्जेच्या, त्या उंचवट्याला आभासी अवस्था म्हणतात ते उगाच नाही.

जुना_प्रयोगवाला:
तुम्ही दोघं नावावर भांडताय, खरा घाम मोजणीत गळतो. एकच न्यूट्रॉन डिटेक्टरच्या दोन पट्ट्यांवर आदळला की दोन न्यूट्रॉन आल्यासारखे दिसतात. अमेरिकेत मिशिगनच्या 'मोना' डिटेक्टरमध्ये २ मीटर लांबीच्या १४४ प्लास्टिक पट्ट्या आहेत, आणि त्याच्या जुळणीत पदवीच्या पोरांचा मोठा हात होता. (आपल्याकडे पदवीला अजून लोलकच मोजतात, असो.) आता ऑक्सिजन-२८ घ्या. २०२३ मध्ये जपानच्या रायकेन संशोधन संस्थेतून निष्कर्ष आले. ऑक्सिजन-२४ सोबत चारही न्यूट्रॉन एकाच वेळी पकडावे लागले. ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही जादुई आकडे (म्हणजे ज्यांनी केंद्रक जास्त घट्ट व्हावं असे), तरी ते बांधलेलं नाही, आणि दुहेरी जादूची लक्षणंही दिसली नाहीत. जे 'नाही' म्हणताय, त्यानंच हे सांगितलं ना?

झिरोमाईल:
ऑक्सिजन-२८ वर मी गप्प. लिथियम-१० चा अर्ध्या एमईव्हीजवळचा (एमईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) पी-लहरीचा अनुनाद, म्हणजे थोडा वेळ टिकणारी अवस्था, तीही मान्य; तिथे कोनीय संवेग असल्यानं अडथळा आहे. एस-लहरीला मात्र अवस्था म्हणणार नाही.

फुटाळाकाठ:
म्हणजे अर्धं हरलास. उद्याचे पोहे तुझ्याकडून.