मिठीकाठी भिंत बांधूनही पाणी का भरते?

प्रश्न : आम्ही कुर्ल्यात मिठी नदीजवळ राहतो. पात्र रुंद झाले, संरक्षक भिंत झाली, तरीही मोठ्या पावसात गल्लीत पाणी का साचते?

उत्तर १ : भिंत नदीचे पाणी अडवते, पण गल्लीतले पाणीही आतच कोंडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुनी गटारे मात्र ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि नंतर ठरवलेली ताशी ५० मिलिमीटरची क्षमताही अशा पावसापुढे अपुरीच आहे. शिवाय माहीमच्या खाडीला भरती असेल, तर नदीचे पाणी उतरत नाही, उलट पर्जन्यजलवाहिन्यांतून मागे फिरते. म्हणून वाहिन्यांच्या मुखाशी झडपा आणि पंप दोन्ही लागतात.

उत्तर २ : सहमत आहे, परंतु पंप हा शेवटचा उपाय मानावा. विहार आणि पवई तलावांपासून खाली येताना पाण्याला पसरायला जागाच उरलेली नाही; वांद्रे-कुर्ला संकुलासाठी ज्या पाणथळ जमिनीवर भराव घातला, तीच पूर्वी पुराचे पाणी धरून ठेवत असे. उरलेली तिवरे तरी वाचवावीत, असे कळकळीने वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्या वाहिनीच्या मुखाशी झडप नाही. त्यासाठी प्रभाग कार्यालयात अर्ज देतो.