उत्तर: स्तंभालेखात रंगांऐवजी रेघा

सोयाबीन, कापूस आणि तुरीचे स्तंभ झेरॉक्समध्ये सारखेच काळपट येतात, आर या संगणकभाषेत रेघा कशा भरायच्या, असं वर विचारलंय. माझंही परभणीत असंच झालं होतं. प्रबंधाची प्रत काढली तर हिरवा आणि लाल ओळखूच येईना. दुकानदार म्हणाला, "साहेब, मशिन बरोबर हाय, तुमचे रंगच तसले."

आरच्या बारप्लॉट या स्तंभालेखाच्या आज्ञेत डेन्सिटी आणि अँगल (रेघांचा कोन) दिलं की झालं. डेन्सिटी म्हणजे एका इंचात किती रेघा. सोयाबीनला १०, ४५ अंश. कापसाला २५, १३५ अंश. तुरीला डेन्सिटी शून्य, म्हणजे नुसती चौकट. रंग मात्र काळा द्या, नाहीतर रेघा मूळच्या करड्या रंगात फिक्या उमटतात. सूचिका, म्हणजे कुठला स्तंभ कशाचा ते सांगणारी चौकट, वेगळी लिहीत असाल तर हेच आकडे तिथंही द्यावे लागतात, मी नेमकं तेच विसरलो होतो.

आलेख आधी मोठा काढून वर्डमध्ये आवळू नका, रेघा एकमेकींना चिकटतात. छापायच्या मापातच काढा. आरमध्येच जीजीप्लॉट या दुसऱ्या पद्धतीने आलेख काढणाऱ्यांना रेघा भरायला जीजीपॅटर्न हे पॅकेज आहे, पण तीन स्तंभांसाठी तेवढा खटाटोप कशाला?