सोलापूरच्या आसपास पक्षी बघायला कुठं आणि कधी जायचं?

जुळेसोलापूरवाला:
नमस्कार मंडळी. नोकरीमुळं बरीच वर्षं बाहेर होतो, आता परत सोलापुरात आलोय. दुर्बीण घेतलीय ८ बाय ४२ ची, कॅमेरा नाही आणि घ्यायचाही नाही सध्या. रविवार मोकळा असतो, सोबत सहावीतली मुलगी असते आणि तिला माझ्यापेक्षा जास्त पक्षी ओळखता येतात. जो तो म्हणतो उजनी धरणाकाठच्या भिगवणला जा, पण दर रविवारी दीडशे किलोमीटर कोण जाणार ओ? बाईकवर जाऊन जेवायच्या वेळेला घरी येता येईल असं माळ, तलाव, झाडी सगळ्यातलं थोडं थोडं सांगा, आणि कुठल्या महिन्यात काय तेही. शेवटचं म्हणजे नान्नजला माळढोक अजून दिसतो का? पोरगी सारखी तेच विचारते.

कुसळीगवत:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माळढोक दिसेल असं पोरीला सांगून नेऊ नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, तेव्हा आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं, नंतर कमी करत बाराशेच्या आसपास आणलं. तेवढ्यात आजूबाजूला पाणी आलं, माळ नांगरून ऊस लागला, विजेच्या तारा आल्या, आणि हा पक्षी बहुतेक वेळा वर्षाला एकच अंडं घालतो, मग कसा टिकणार. आता एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

पण म्हणून नान्नजला जायचंच नाही असं नका करू, लोक तीच चूक करतात. माळढोक नाही म्हणजे काहीच नाही असं म्हणून गाडी वळवतात आणि समोरच्या तारेवर बसलेली कापशी घार बघत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. भोवत्या म्हणजे हॅरियर येतात मध्य आशियाकडून, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि नाकतोडे उचलतात. दिवस मावळताना गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात, तेव्हा एखाद्या दिवशी सकाळऐवजी संध्याकाळ धरा. काळवीट तर दिसतीलच, नशीब असेल तर लांडगा.

अजून एक, सगळा माळ सारखा नसतो. उंच गवतात लावा आणि तित्तर. धाविक मात्र तिथं शोधू नका, तो मेंढरं चरून गेलेल्या उघड्या जमिनीवर किंवा नांगरटीत असतो, चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. थांबला की मातीत दिसेनासा होतो. पखुर्ड्या बघायच्या असतील तर सकाळी आठ-नऊला माळावरच्या पाणवठ्यापासून लांब बसायचं, थव्यानं पाणी प्यायला येतात. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो, हे मुलीला सांगा, आवडेल तिला. फॉरेस्टच्या माणसाला विचारूनच आत जा आणि बाईक माळावर घालू नका, टिटवीची अंडी उघड्यावरच असतात.

पाणथळप्रेमी:
वरच्यांशी सहमत. पाण्याचं मी सांगतो. तुळजापूर रोडचा हिप्परगा (एकरुख) तलाव अगदी शहराच्या उशाला आहे, होटगीचा तलावही जवळ, आणि अक्कलकोटकडं बोरी नदीवरचं कुरनूर धरण. डिसेंबर ते फेब्रुवारीत तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, आणि पट्टकदंब. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. दुपारी काठावर झोपा काढत असतात आणि चरायला रात्री-पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या रानात जातात, त्यामुळं उजाडताना काठावर असाल तर थवे परत येताना डोक्यावरून जातील. उशिरा गेलात तर लांब ठिपके बघून यावं लागेल.

उजनीचं म्हणाल तर तारीख बघून जाऊ नका, टक्का बघून जा. आपण सोलापूरकर रोज पेपरात उजनी किती टक्के ते बघतोच की. धरण भरलेलं असलं की काठापर्यंत पाणी, चिखल उघडा नाही आणि रोहित पक्ष्याला उभं राहायला जागा नाही. कालव्यांना पाणी सुटून पातळी उतरायला लागली की मग थवे दिसतात, साधारण जानेवारीनंतर आणि कधी कधी पार मे पर्यंत. शून्य टक्के झालं म्हणजे धरण आटलं असं नाही, त्याखाली साधारण ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) मृत साठा असतोच. आणि भिगवणलाच जायला पाहिजे असं कुणी सांगितलं? करमाळा तालुक्यात कुगाव, चिखलठाण, केत्तूर ही आपल्याच जिल्ह्यातली गावं आहेत, तेच पाणी, तेच पक्षी आणि गर्दी कमी. रेल्वेनं जेऊरला उतरून जाता येतं. एखाद्या लांबच्या सुट्टीला करा.

विजापूरवेस:
सगळे थंडीचंच सांगायलेत 😄 पावसाळ्यात काय घरी बसायचं का? जूनच्या तोंडाला चातक आफ्रिकेकडून येतो, माळावर चंडोल गात गात वर चढतो आणि सुगरणी विहिरीवरच्या बाभळीला घरटी विणतात. पिसं सगळी लग्नाची असतात त्या दिवसात, खरं बघायला तीच वेळ.

आणि गावातच बघा आधी. विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहार आहे, शेजारी संभाजी तलाव (आम्ही कंबर तलावच म्हणतो). जलपर्णीवर कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी (कूट), तुमच्या घरापासून दहा मिनिटं. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात सिद्धेश्वर तलावाकडं मात्र पक्ष्यांसाठी जाऊ नका, माणसंच दिसतील.

भोरड्या (गुलाबी मैना) कुणीच सांगितल्या नाहीत! ऑगस्ट-सप्टेंबरला येतात आणि उन्हाळ्यापर्यंत असतात. ज्वारी हुरड्यात आली की मंगळवेढा, मोहोळकडं रानात गोफण घेऊन माणसं उभी असतात, मामांना विचारा भोरडी म्हणजे काय, शिव्याच देतील. पण टोळ आणि अळ्या खाणारीही तीच. संध्याकाळी झोपायच्या झाडावर यायच्या आधी हजारोंचा थवा आभाळात वळतो, दुर्बीण काढूच नका, नुसत्या डोळ्यानं बघा.

जुळेसोलापूरवाला:
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. या रविवारी कंबर तलाव, पुढच्या महिन्यात हिप्परगा. एक विचारतो, नान्नजला संध्याकाळी गेलं तर अंधार पडायच्या आत निघावं लागतं का?

कुसळीगवत:
हो, वेळ संपली की निघायचं, गेटवर विचारून घ्या. भोवत्यांसाठी शेवटचा तास पुरतो, मचाणाच्या आसपासच उभं राहा आणि लाल-पांढरे शर्ट घालू नका. पाणी आणि शेंगा-गूळ जवळ ठेवा, तिथं टपरीसुद्धा नाही.

पाणथळप्रेमी:
५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ ला आपल्या सोलापूरचे अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा, म्हणून सरकारनं तोच आठवडा धरलाय. त्या दिवसात मुलीला कुणाच्या तरी सोबत पाठवा, चार डोळे जास्त असले की बदकं लवकर ओळखायला येतात. बदकांचं पुस्तक घ्यायच्या आधी हळदी-कुंकू बदक शिकवा, ते बारा महिने इथंच असतं, बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघता येतात.